माऊलीला थांबवणारी ओतिलिया

सान तेल्मोहून वर खिंडीकडं जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा ओतिलिया पुलीदोनं पन्नाशी ओलांडली होती आणि ती बसथांब्यावर आल्मोहाबाना विकत होती. ताज्या चीजचे ते फुगीर पाव टोपलीत कापडाखाली गरम ठेवायचे आणि बस थांबली की खिडकी-खिडकीशी जाऊन ओरडायचं, हा तिचा तरुणपणापासूनचा धंदा. आवाज असा खणखणीत, की मागच्या बाकावर घोरणारा माणूस दचकून उठायचा आणि उठलोच आहोत तर खाऊन घेऊ म्हणून दोन पाव घ्यायचा. तिचा नवरा प्रोस्पेरो बटाट्याच्या शेतात राबायचा आणि घरी फारसं बोलायचा नाही. "आमच्या घराला बोलणं म्हणून जेवढं मिळालं, तेवढं सगळं ओतिलियाकडं गेलं," असं तो सांगायचा.

एका बाजाराच्या दिवशी ती रिकाम्या टोपल्या घेऊन सोगामोसोहून परत येत होती. खिंडीच्या खालच्या वळणावर बस थांबली ती थांबलीच. पुढं सिमेंटचा ट्रक आणि बैलांचा ट्रक नाकाला नाक लावून उभे. रस्ता एवढासा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. दोघांपैकी कोणी मागं घ्यायला तयार नाही. दोन्ही ड्रायव्हरांनी सिगारेटी पेटवल्या होत्या आणि दोघं डोंगर बघत बसले होते. ओतिलियाच्या बसचा ड्रायव्हर लिसांद्रो खिडकीतून डोकं काढून दोघांच्याही आयांचा उद्धार करत होता, त्यानं काही कुणी हलत नव्हतं.

ओतिलिया उतरली. अंगावरची रुआना, ती लोकरीची जाड घोंगडी, खांद्यावर सावरली आणि दोन्ही ट्रकांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"काय रे, सोयरीक जमतेय का दोघांची? केव्हाचे तोंडाला तोंड लावून उभे आहात ते?"

मागच्या गाड्यांतली माणसं हसली. बैलवाला चिडला. "मावशी, तुम्ही बसमध्ये बसा. पहिला मी आलो होतो."

"तू पहिला आलास हे खरं. पण तुझ्या मागं दोनचार गाड्या आहेत आणि याच्या मागं अख्खं सोगामोसो उभं आहे. आणि तुझ्याच पाठीमागं रस्ता जरा फुगून रुंद झालाय, मी सकाळी जाताना बघितलाय. घे मागं."

"मी का घेऊ? तो घेईल."

"तो घेईल, उद्या घेईल. तोपर्यंत त्या बैलांना काय घालशील? तुझा हेका?"

आता सिमेंटवालाही हसला, आणि एकदा हसल्यावर भांडण टिकवणं कठीण असतं. बैलवाल्यानं गियर टाकला. ओतिलिया ट्रकच्या मागून चालत, पत्र्यावर तळहात थापटत, "ये, ये, अजून ये, बास!" करत त्याला फुगवट्यात घेऊन गेली. मग एकेक गाडी हातानं खुणावत सोडली. परत बसमध्ये चढली तेव्हा लिसांद्रो म्हणाला, "बाई, तुम्ही पावांऐवजी ट्रकच विका."

त्याच बसमध्ये मागं एक तरुण बाई बसली होती, पायांत चिखलानं भरलेले बूट, मांडीवर नकाशांची गुंडाळी. रस्त्याच्या कामावर आलेली ती इंजिनियर. नाव यामिले. ती ओतिलियाशेजारी येऊन बसली.

"बाई, नोकरी करणार का?"

"कसली?"

"आत्ता केलीत तीच. पगार घेऊन."

प्रोस्पेरोला ही बातमी रात्रीच्या जेवणावर कळली. त्यानं चमचा खाली ठेवला. "म्हणजे तू लोकांना 'थांब' म्हणणार, आणि त्याचे पैसे मिळणार?"

"हो."

"घरात तर हे तू इतकी वर्षं फुकटच करत होतीस की."

काम सुरू झालं. डोंगराच्या कुशीतून जाणारा एक लांबलचक तुकडा अर्धा खणला गेला. दरीच्या बाजूला पोकलेन, खडीचे ढीग आणि सळ्यांचे पिंजरे, कड्याच्या बाजूला एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. दोन्ही टोकांना नारिंगी कोनांची रांग आणि दोन्ही टोकांना एकेक माणूस, हातात दांड्याची गोल फळी. एका बाजूला लाल, त्यावर 'थांबा'. दुसऱ्या बाजूला हिरवी, त्यावर 'चला'. खालचं टोक ओतिलियाचं, वरचं ब्लासचं.

यामिलेबाईंनी पहिले काही दिवस तिच्या शेजारी उभं राहून सगळं शिकवलं. गाड्यांकडं पाठ करायची नाही, पोटात कळ आली तरी. ड्रायव्हरला लांबून दिसशील अशा जागी उभी राहा, पण मागं उडी मारायला मोकळी जागा ठेव. हात वर केला म्हणजे त्यानं बघितलंच असं समजू नकोस. तो बायकोशी फोनवर बोलत असेल, गाणं बदलत असेल, पेंगत असेल. नजरेला नजर भिडली आणि गाडीचं नाक खाली दबलं, म्हणजे त्यानं ब्रेक दाबला. तेव्हा थांबला म्हण.

ओतिलियानं हे सगळं नीट ऐकलं आणि मग स्वतःच्या पद्धतीनं करायला घेतलं. लाल फळी धरून ती रांगेतून फिरायची, एका डोळ्यानं रस्त्याकडं बघत. "अहो शेजारी, पुढच्या गाडीच्या बुडाला कशाला चिकटता? तो मागं घसरला तर तुमचंच नाक फुटेल. जरा जागा ठेवा." "पोरा, दिवे लाव. धुक्यात तुझी मोटारसायकल मला डासाएवढी दिसते." "वहिनी, बाळाला मांडीवरून उचला आणि मागं बसवा, पुढं खड्डे आहेत." लोक कुरकुरायचे आणि ऐकायचे. थंडीनं गारठलेल्या ट्रकवाल्यांना ती आपल्या थर्मासातलं गुळाचं गरम पाणीही द्यायची. त्यामुळं तिच्या टोकाला थांबावं लागलं तर फारसं कुणाला वाईट वाटायचं नाही.

ब्लासचं वेगळं होतं. ब्लास गावच्या बँडमध्ये उभं आयुष्य मोठा ढोल वाजवलेला माणूस. गोड स्वभाव, पण ढोलाच्या बाजूचा कान कामातून गेलेला. हे त्यानं नोकरी मागताना कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात मधे डोंगर, त्यामुळं वॉकीटॉकीतून शब्दांपेक्षा खरखरच जास्त यायची. एका सकाळी ओतिलियानं विचारलं, "ब्लासकाका, तिकडून कुणाला आत सोडलंय का? मी सोडू का?" ब्लासनं उत्तर दिलं, "सोडू नका!" तिला ऐकू आलं फक्त "सोडू..." आणि पुढं खरखर. "मी सोडू की नको?" तिनं पुन्हा विचारलं. ब्लासला वाटलं, ती म्हणतेय मी सोडणार नाही. "बरं, बरं!" तो म्हणाला. ओतिलियानं फळी फिरवली.

डोंगराच्या मध्यावर तिच्याकडचे बटाट्याचे ट्रक आणि ब्लासकडचं एक लग्नाचं वऱ्हाड समोरासमोर आलं. सगळे सावकाश चालत होते, म्हणून कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण एकेक गाडी उलटी काढेपर्यंत दुपार टळली. नवरी पांढऱ्या झग्यावर मजुराचं पिवळं जाकीट घालून थंडीत बसली होती आणि नवरदेवाचा बाप ब्लासच्या चांगल्या कानात ओरडत होता.

त्या संध्याकाळी ओतिलिया घरी आली ती न बोलता. प्रोस्पेरो घाबरलाच. तिनं बशीतला रस्सा चमच्यानं नुसता ढवळला आणि म्हणाली, "ट्रक जोरात असता तर, प्रोस्पेरो? ती पोरगी पुढच्याच गाडीत होती."

दुसऱ्या दिवशी यामिलेबाईंनी वॉकीटॉकीवर विसंबायचं बंद केलं. त्यांनी केरसुणीचा दांडा अर्धा कापला, त्याला लाल कापड गुंडाळलं आणि दोघांना समोर बसवलं. "ही काठी. जो घोळका आत जाईल त्याच्या शेवटच्या गाडीकडं ही द्यायची. शेवटच्या ड्रायव्हरनं ती दुसऱ्या टोकाला पोचवायची. काठी हातात आली म्हणजे रस्ता रिकामा. काठी नाही, तर फळी फिरवायची नाही. बिशप येऊ दे नाहीतर माझा बाप येऊ दे."

"आणि काठी आलीच नाही तर?" ब्लासनं विचारलं.

"तर उभं राहायचं."

हे साधं होतं आणि चालूही लागलं. काठी न्यायला मिळावी म्हणून पोरं बापाला म्हणायची, आपण शेवटी राहू या. म्हाताऱ्या बाया ती मांडीवर आडवी धरून बसायच्या. रस्त्याची किल्लीच जणू आपल्याकडं सोपवली आहे, असा त्यांचा थाट.

फक्त लिसांद्रोला हा सगळा पोरखेळ वाटायचा. तो या रस्त्यावर बस चालवून म्हातारा व्हायला आला होता. रांग दिसली की उजवीकडून किंवा डावीकडून, जिथं फट दिसेल तिथून बस घुसवायची आणि थेट फळीपाशी येऊन उभं राहायचं, ही त्याची सवय. ओतिलियानं पहिल्यांदा समजावलं. दुसऱ्यांदा दटावलं. तिसऱ्यांदा ती फळी लाल ठेवून बसच्या दारात गेली.

"लिसांद्रो, मागं जा."

"बाई, मला वेळापत्रक आहे."

"या सगळ्यांना घड्याळं नाहीत होय?"

"मी आत्ता पुढं आलोय. आता इथून उलटा कसा जाणार?"

"जसा आलास तसा. तू रांगेच्या शेवटी जाईपर्यंत ही फळी लालच राहील. माझे पाय दुखत नाहीत."

"तुमच्या फळीला मुळं फुटतील, बाई."

"फुटू दे. सावलीला बसू."

मग मागच्या ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, तिच्यावर नाही, लिसांद्रोवर. बसमधल्या एका म्हातारीनं त्याच्या खांद्यावर छत्रीचं टोक टोचलं. लिसांद्रो लालबुंद होऊन, आरशात बघत, ती भलीमोठी बस उलटी घेत गेला शेवटपर्यंत.

अर्थातच शेवटी राहिला म्हणून काठी त्याच्या वाट्याला आली. ओतिलियानं ती त्याच्या हातात दिली तेव्हा तो गोड हसला. तिनं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

वरच्या टोकाला ब्लास हात पुढं करून उभा होता. लिसांद्रोनं त्याला सलाम ठोकला, वेग वाढवला आणि काठी घेऊन थेट सोगामोसोला निघून गेला.

ब्लासनं फळी फिरवली नाही. खाली ओतिलियाकडंही काही आलं नाही. दोन्हीकडं रांगा लांबत गेल्या. वर भोंगे, खाली भोंगे. यामिलेबाई दुसऱ्या कामावर गेल्या होत्या. शेवटी एका मजुरानं अख्खा तुकडा पायी तुडवला, प्रत्येक वळण डोळ्यांनी बघितलं आणि ब्लासला सांगितलं की आत कुणी नाही. मग कुठं गाड्या हलल्या.

आता लिसांद्रोचं दुर्दैव असं, की वरच्या रांगेत त्याची सासू होती. मुलीकडं निघालेली, शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये मागं, सोबत पाच कोंबड्या आणि कापडात घामेजलेलं चीज. काठी कुणी पळवली हे तिला ब्लासनं मोठ्या आवाजात सांगितलं, कारण ब्लासला हळू बोलताच येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिसांद्रोची बस रांगेच्या मागं मुकाट उभी राहिली. तो उतरून चालत ओतिलियापाशी आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात काकवी घातलेल्या ताज्या चीजचं भांडं.

"सासूबाईंनी पाठवलंय," तो म्हणाला.

"आणि तू काय पाठवलंयस?"

लिसांद्रोनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "बाई, तो मजूर डोंगरातनं एकटा चालत गेला म्हणे. खणलेल्या बाजूनं. धुक्यात."

"गेला."

"त्याला काही झालं असतं तर..." त्यानं टोपी घातली आणि बसकडं परत गेला. त्या दिवसापासून त्यानं रांग मोडली नाही. टोमणे मात्र मारायचा, आणि ओतिलियाही परतफेड करायची. तेवढ्याशिवाय दोघांनाही दिवस गेल्यासारखा वाटत नसे.

जुलै आला. कार्मेन माऊली, कुमारी मातेचं एक रूप, ही ड्रायव्हरांची माऊली. तिच्या सणाला सान तेल्मोतली चाकं असलेली प्रत्येक वस्तू धुतली जाते, फुगे आणि कागदी फुलं लावली जातात, आणि सगळे भोंगे वाजवत खिंडीतल्या देवळीपर्यंत मिरवणूक जाते. पाद्रीबाबा वर पोचल्यावर एकेका गाडीवर पवित्र पाणी शिंपडतात. त्या वर्षी माऊलीची मूर्ती वाहून न्यायचा मान लिसांद्रोला मिळाला होता. त्यानं बस रात्रभर घासली होती. टपावर पांढऱ्या फुलांच्या मखरात माऊली, तिच्या पायाशी पंख लावलेल्या लहान मुली, आत बँड. मागं ट्रक, जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकली, आणि कुणीतरी सजवलेली एक हातगाडीसुद्धा.

यामिलेबाईंनी आधीच ठरवून दिलं होतं. मिरवणूक यायच्या आत ब्लासनं आपल्याकडचा शेवटचा घोळका खाली सोडायचा, काठी ओतिलियाकडं पोचली की वरचा रस्ता बंद, आणि मग माऊली जाईल तशी सावकाश जाऊ दे.

मिरवणूक ओतिलियाच्या टोकाशी आली तेव्हा ब्लासकडचे ट्रक खाली उतरत होते. एक गेला, दुसरा गेला, एक जीप गेली. मग रस्ता रिकामा दिसायला लागला. पण काठी कुणीच दिली नव्हती.

ओतिलियानं लाल फळी माऊलीसमोर धरली.

भोंगे थांबले. बँड अर्ध्या सुरात थांबला. पुढच्या जीपमधून नगराध्यक्ष उतरले, छातीवर रेशमी पट्टा, हातात मेणबत्ती. "ओतिलियाबाई, काय झालं? रस्ता तर मोकळा आहे."

"मोकळा दिसतोय, साहेब. काठी आली नाही अजून."

"काठी? कसली काठी? अहो, माऊली आहे! माऊलीला कुणी थांबवतं का?"

ओतिलियानं समोर बघितलं. तिचा अर्धा गाव समोर उभा होता. तिची बहीण, तिची गिऱ्हाइकं, मेणबत्तीवाल्या बाया, सगळे तिच्याकडं बघत होते. प्रोस्पेरो एका ट्रॅक्टरच्या चाकावर बसून टोपीशी चाळा करत होता. लहानपणी जिच्यापुढं गुडघे टेकले, तिच्याच तोंडासमोर आपण लाल फळी धरली आहे हे तिला कळत होतं. तिनं मनातल्या मनात माफी मागितली, पण फळीचा दांडा आणखी घट्ट धरला.

"साहेब," ती म्हणाली, "ही माऊली ड्रायव्हरांची ना? मग नियम तिला आपल्याआधी ठाऊक असणार. ती काही बोलत नाहीये, तुम्हीच बोलताय."

मागून कुणीतरी फिस्कन हसलं. नगराध्यक्षांनी बसकडं मोर्चा वळवला. "लिसांद्रो, घे बस पुढं. मी सांगतो."

लिसांद्रोनं त्यांच्याकडं बघितलं, मग ओतिलियाकडं. त्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. तेवढ्यावर न थांबता त्यानं किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली.

"साहेब, बाईंनी फळी फिरवल्याशिवाय ही बस हलायची नाही. मी एकदा यांचं ऐकलं नव्हतं. सासू अजून माझ्याशी बोलत नाही."

पाद्रीबाबा मागच्या जीपमधून हे सगळं ऐकत होते. ते उतरले, झगा चिखलातून वर उचलला आणि मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, माऊलीला घाई नाही. बाळ घेऊन गाढवावरनं इजिप्तला गेलेली बाई आहे ती. तोवर आपण जपमाळ म्हणू."

बायांनी जपमाळ सुरू केली. पहिली ओळ पुरी होते न होते तोच वरून भोंगा ऐकू आला. सणाचा नाही. लांबलचक, न थांबणारा.

ओतिलियानं मिरवणुकीकडं तोंड करून आवाज टाकला, तरुणपणापासून बसच्या खिडक्यांशी कमावलेला. "मुलींना उतरवा! सगळे कड्याला लागा! कड्याला!"

लिसांद्रो खिडकीतूनच टपावर चढला आणि पंखांसकट मुलींना खाली झेलायला देऊ लागला. प्रोस्पेरो खाली हात पसरून उभा होता. तेवढ्यात वळणावरून बटाट्याचा ट्रक आला, चाकांतून धूर, ब्रेक गेलेले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर ओणवा झाला होता. अरुंद वाट त्याच्यासाठी पूर्ण रिकामी होती. कोनांच्या अलीकडं मुरमाचा मोठा ढीग पडला होता, ओतिलियानं दोन्ही हातांनी त्याच्याकडं फळी दाखवली, आणि ड्रायव्हरनं नाक तिकडं वळवलं. ट्रक ढिगात शिरला, अर्धा चढला, मागचा फाळका तुटला आणि ट्रक थांबला.

क्षणभर फक्त बटाट्यांचा आवाज. पोत्यांतून सुटलेले बटाटे उतारावरून उड्या मारत आले, ओतिलियाच्या बुटांवरून, बसच्या खालून, बायांच्या पायांतून, थेट मिरवणुकीच्या शेपटापर्यंत.

ड्रायव्हर दार उघडून उतरला. चेहरा चुन्यासारखा. तो सरळ ओतिलियापाशी आला आणि रुआनाखालून लाल कापड गुंडाळलेली काठी काढून तिच्या हातात दिली.

"ब्लासकाकांनी दिलीय," तो म्हणाला. "मी शेवटचा." आणि रस्त्यावर बसला.

ओतिलियानं काठी घेतली. तिलाही आता बसावंसं वाटत होतं, पण गाड्यांकडं पाठ करायची नव्हती, म्हणून ती उभीच राहिली. तिचे डोळे भरून आले होते. नगराध्यक्षांनी मेणबत्ती विझवली, पुन्हा पेटवली, पुन्हा विझवली. मग ते पुढं आले आणि खाली बसून बटाटे वेचायला लागले. त्यांना बघून सगळेच बसले. बँडवाले ढोलात बटाटे भरत होते, पंखवाल्या मुली झग्याच्या ओच्यात.

"माझा माल आहे हो तो," ड्रायव्हर क्षीण आवाजात म्हणाला, आणि मग स्वतःच हसायला लागला. "जाऊ दे. न्या. माऊलीला जेवण घाला."

त्या दिवशी खिंडीत इतकं बटाट्याचं सूप शिजलं की देवळीमागच्या कुत्र्यांनाही पोटभर मिळालं. पाद्रीबाबांनी गाड्यांवर पाणी शिंपडताना ओतिलियाच्या फळीवरही शिंपडलं, दोन्ही बाजूंना. ब्लासला घडलेलं सगळं तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा ऐकताना तो रडला.

पुढच्या वर्षी रस्ता पुरा झाला. दोन गाड्या शेजारून आरामात जातील एवढा रुंद, काळाभोर, पिवळ्या रेघांचा. ओतिलियाला वाटलं, आता पुन्हा टोपली. पण यामिलेबाईंनी तिला सोबत यायला सांगितलं, दुसऱ्या कामांवर नव्या बायांना शिकवायला. ओतिलिया त्यांना आधी ट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या जागी बसवते आणि स्वतः फळी घेऊन लांब जाऊन उभी राहते. "बघा, मी केवढीशी दिसते. तुम्ही त्याला एवढ्याशाच दिसणार. हे डोक्यात ठेवून उभ्या राहा." हा धडा देता देता तिलाच स्टिअरिंगची गोडी लागली. लिसांद्रोनं एका रविवारी फुटबॉलच्या मैदानावर आपल्या भावाची जुनी जीप आणली आणि तिला गियर शिकवले. दोघांची भांडणं गोलपोस्टजवळ बसलेल्या पोरांना पार ऐकू जायची. "बाई, क्लच आहे तो, झुरळ नाही!" "मग तो तसा वागतो का?" तरी परवाना तिला पहिल्याच खेपेला मिळाला.

पहिल्या लांबच्या फेरीला तिनं प्रोस्पेरोला शेजारी बसवलं आणि जीप डुइतामाच्या बाजूला काढली. वाटेत कुठल्याशा पुलाचं काम चालू होतं. नारिंगी कोन, एकेरी वाट, आणि पिवळं जाकीट घातलेली एक पोरगी, हातात लाल फळी. ओतिलिया थांबली. पुढच्या गाडीच्या मागं जागा ठेवली, दिवे लावले, सगळं रीतसर. थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. तिची बोटं स्टिअरिंगवर वाजायला लागली.

प्रोस्पेरोनं बघितलं. "भोंगा वाजवायचाय का?"

"गप्प बैस."

"नाही, विचारलं आपलं."

पोरीनं फळी हिरवी केली. ओतिलिया हळूहळू पुढं सरकली आणि तिच्यापाशी येताच काच खाली करून थांबली. डोळे चमकत होते तिचे. "पोरी, ऐक ना, मीसुद्धा सान तेल्मोच्या खिंडीत हेच..."

"मावशी," ती पोरगी म्हणाली, "गप्पा नंतर. मागं किती गाड्या खोळंबल्यात बघा. चला पुढं, चला!"

ओतिलियानं मुकाट गियर टाकला. प्रोस्पेरो पूल ओलांडेपर्यंत कसाबसा थांबला. मग जो हसत सुटला, तो डुइतामा येईपर्यंत थांबला नाही.